‘लागायचं’ म्हणजे कोण लावायचं?

गेल्या रविवारी भाचीला सांगत होते, की आमच्या लहानपणी रविवारी सकाळी टीव्हीवर गाण्यांचं ‘रंगोली’ लागायचं आणि ते संपेपर्यंत लालबागच्या आमच्या चाळीत नळावर कोणी फिरकायचं नाही. ती बारा वर्षांची आहे. तिने विचारलं, “आत्या, लागायचं म्हणजे? कोण लावायचं?”

मला पटकन उत्तर देता आलं नाही. टीव्हीचं बटण बाबा दाबायचे, पण ‘रंगोली’ काही बाबा लावत नव्हते. ते आपलं लागायचं.

नव्वदच्या दशकातल्या सिनेमा-मालिकांबद्दल एक टिपण लिहायला घेतलंय आणि नॉस्टॅल्जियाला मराठीत काय म्हणावं, याच्यापाशी पहिल्याच वाक्यात अडलेय. भाचीच्या प्रश्नानंतर वाटतंय, की मी नाम शोधत बसले आणि हवी ती गोष्ट क्रियापदात होती. जे सुचलं ते सगळं मांडते. चुकत असेल तिथे सांगा.

आधी नामांबद्दल. मूळ ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द योहानेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १६८८ साली बाझल इथे प्रबंध लिहिताना घडवला. ग्रीक ‘नोस्तोस’ म्हणजे घरी परतणं, ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून लांब राहणाऱ्या स्विस माणसांना घराच्या ओढीने जे दुखणं लागायचं, त्याचं हे नाव. ही ओढ जागेची होती. काळाची ओढ हा अर्थ पुष्कळ नंतरचा. माझे आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आले. मृगाचा पाऊस पडला की म्हणायचे, “गावची सय येते.” होफरच्या मूळ अर्थाला ‘सय’ चांगला पुरतो. पण १९९५ सालची सय येते, असं म्हणून बघा. जीभ अडखळते. सय माणसाची येते, गावाची येते, सालाची येत नाही.

‘स्मरणरंजन’ छापील मराठीत रुळलाय. रंजन ज्या धातूपासून आलं त्याचा अर्थ रंगवणं, रंगणं असाही आहे, त्यामुळे आठवणींवर रंग चढवणं अशी एक छटा त्यात आपोआप येते. ती खरीही आहे. पण या शब्दात दुखत कुठेच नाही. रंजन म्हटलं की मनोरंजन आठवतं, रविवारची पुरवणी आठवते.

‘गतकातरता’, ‘स्मृतिकातरता’ यांत दुखणं आहे, पण हे शब्द तोंडात बसत नाहीत. माझ्या आईला “तुला गतकातरता आलीय” म्हटलं तर ती कपाळाला हात लावून ताप बघेल. तरी त्यातला ‘कातर’ मला सोडवत नाही. संस्कृतात कातर म्हणजे भ्यालेला, व्याकूळ. मराठीत आवाज कातर होतो, आणि दिवेलागणीच्या सुमाराला कातरवेळ म्हणतात. (कापायची कातर वेगळी, तिचं मूळ निराळं.)

उरली ‘हुरहूर’. बोलीतली, सगळ्यांची. आक्षेप एवढाच, की ती पुढच्या गोष्टींचीही असते. निकालाच्या आदल्या रात्री लागते ती हुरहूरच. गेल्या काळाची हुरहूर म्हणायचं तर ‘गेल्या काळाची’ हे वेगळं सांगावं लागतं.

पण या सगळ्यांत हुरहूर तेवढी लागते! गतकातरता येते म्हणा, दाटते म्हणा, लागत नाही. भूक लागते, झोप लागते, ठेच लागते, गोडी लागते, वेड लागतं, निकाल लागतो. यातलं काहीच आपण करत नाही, ते आपल्याला होतं. ‘मला भूक लागली’ या वाक्यात ‘मी’ कर्ता नाहीच. आणि त्याच क्रियापदाने सिनेमा लागायचा.

सिनेमाचा अख्खा जन्म तेव्हा चार साध्या क्रियापदांत मावायचा. शुक्रवारी तो लागायचा. मग एक तर चालायचा नाही तर पडायचा. शेवटी उतरायचा. पंचवीस आठवडे चालला तर रौप्यमहोत्सव, पन्नास चालला तर सुवर्णमहोत्सव. पेपरातल्या जाहिरातीत ‘दररोज ३ खेळ’ असायचं. ‘शो’ तेव्हाही म्हणायचे, पण छापताना खेळ. तीन, सहा, नऊचे खेळ. आता सिनेमा ‘रिलीज होतो’ आणि काही आठवड्यांत ‘ॲपवर येतो’. उतरला कधी ते कळतही नाही.

विभक्तीकडेही बघा. ‘भारतमाताला लागलाय.’ ‘प्लाझाला लागलाय.’ भारतमाता लालबागचं थिएटर, प्लाझा दादरचं. पण भारतमातात नाही, प्लाझात नाही. आपण प्लाझाला जातो, सिनेमाही प्लाझाला लागतो. दोघांना तोच ‘ला’. जणू दोघांची भेट तिथे ठरलीय. आता विचारतो, “कशावर आहे?” ‘वर’ला कुठे जावं लागत नाही.

आणि एक वाक्य तर जगात फक्त मुंबईतच बोलता येतं. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ २० ऑक्टोबर १९९५ ला लागला. मुंबई सेंट्रलच्या मराठा मंदिर थिएटरला तो डिसेंबर २०१४ मध्ये हजार आठवडे पुरे करून त्यापुढेही लागलेला राहिला. एरवी ‘लागलाय’ म्हणजे घाई कर, उतरेल. या एका सिनेमाच्या बाबतीत ‘लागलाय’ म्हणजे मुंबई सेंट्रलला उतरलं की असतोच.

*लालबागकर*

ताई, तुम्ही आमच्याच भागातल्या निघालात. भारतमाताची आठवण काढलीत, बरं वाटलं. गिरणगावात मराठी सिनेमा म्हणजे भारतमाता, दुसरं नाव नाही.

तुमच्या चार क्रियापदांत ‘काढणे’ घाला. उतरला म्हणजे आपोआप, धंदा संपून. पण चालत असलेला सिनेमा मालकाने मध्येच बंद केला की आमचे वडील ‘काढला’ म्हणायचे, आणि ते रागाने म्हणायचे. गिरणीतून माणूस काढतात तसं. १९८२ च्या संपानंतर आमच्याकडे ‘काढला’ हा शब्द साधा राहिला नव्हता.

*मूळ लेखिका*

दादा, ‘काढला’ माझ्या लक्षातच आला नव्हता. टिपणात घेते. आमच्याकडेही हा शब्द दबक्या आवाजात बोलला जायचा, पण सिनेमाशी मी कधी जोडला नव्हता.

*व्याकरण-वाचक*

लेखन आवडलं, पण एक हरकत आहे. लागणे अकर्मक आणि लावणे त्याचं प्रयोजक रूप, हे बरोबर. मात्र ‘लागणे’ हृदयातलं आणि ‘लावणे’ यांत्रिक, अशी विभागणी तुमच्या लिखाणातून ध्वनित होते. ती टिकणार नाही. आई मुलाला जीव लावते. माणूस चटका लावून जातो. गाणं वेड लावतं. हे सगळं ‘लावणे’च आहे, आणि मराठीतलं सगळ्यांत हळवं आहे.

दुसरं असं, की हिंदीतही पिक्चर ‘लगती’ है. तेव्हा हे खास मराठी मनाचं काही आहे असं कृपया समजू नये.

*मूळ लेखिका*

दोन्ही मुद्दे मान्य. हिंदीचा तर शंभर टक्के. मुंबईत या दोन भाषा एकाच रांगेत तिकिटाला उभ्या असायच्या, कोणी कोणाकडून घेतलं ते मी कशाला ठरवू.

‘जीव लावणे’ने मला थांबवलं. दोन दिवस विचार करत होते. मग असं दिसलं, की आपल्या सगळ्या उदाहरणांत लावणारा कुणीतरी दुसरा आहे. आई लावते, गेलेला माणूस लावून जातो, गाणं लावतं. ज्याला लागतं तो लावणारा नसतो. ‘मी स्वतःला वेड लावलं’ असं आपण म्हणत नाही. आता मात्र रात्री जेवताना मी स्वतःच स्वतःसाठी मालिका लावते, दहा मिनिटांनी ती काढून दुसरी लावते. म्हणजे ‘लावणे’वर माझा राग नव्हता, लावणारी आणि जिला लागायला हवं ती, अशा दोघीही मीच झालेय, हे खटकत होतं. तुम्ही बोलला नसतात तर मी चुकीचीच विभागणी लिहून मोकळी झाले असते.

यात एक मधली पायरी होती तीही आठवली. केबलवाला! १९९१ च्या आखाती युद्धानंतर मुंबईत केबलच्या तारा गच्चीगच्चीवरून गेल्या. १९९२ मध्ये झी आलं. पण चाळीत खरी ओढ होती ती केबलवाल्याच्या स्वतःच्या वाहिनीची. तिथे “आज दुपारी केबलवाला नवीन पिक्चर लावणार आहे” असंच म्हणायचे. बघा, ‘लावणे’ तेव्हाच आलं होतं. फक्त लावणारा खाली गल्लीत राहणारा माणूस होता. त्याने काय लावावं यासाठी बायका त्याला जिन्यात गाठायच्या.

*रत्नागिरी ते नालासोपारा*

आमच्या गावी जत्रेत तंबू यायचा. तिथे सिनेमा ‘लागला’ असं कोणी बोलायचं नाही, ‘इलो’ म्हणायचे. आला. तंबू येतो म्हणून सिनेमा येतो. लागायला भिंत लागते ना! मुंबईत काकांकडे आलो तेव्हा ‘लागलाय’ पहिल्यांदा ऐकलं आणि पोस्टर भिंतीला चिकटवतात म्हणून तसं म्हणत असतील, असं बरीच वर्षं मला वाटत होतं.

*कातरवेळ*

एक विचारायचं होतं. ‘नव्वदी’ म्हणावं का? हल्ली ‘नव्वदीतली गाणी’ असं दिसतं. मला ते वाचून नव्वद वर्षांच्या आजोबांची गाणी वाटतात. आणि मी एम. ए. ला होते तेव्हा ‘नव्वदोत्तरी’ कविता शिकलो, त्याचा या गोड आठवणींशी काहीच मेळ बसत नाही.

*मूळ लेखिका*

‘नव्वदी’ माझ्याही कानाला वयाचीच वाटते. ‘त्यांनी नव्वदी गाठली’ हा वापर इतका पक्का आहे, की दशकासाठी मी ‘नव्वदचं दशक’च लिहीन. लांब असलं तरी चालेल.

नव्वदोत्तरीचा मुद्दा मात्र मोलाचा आहे. एकाच काळाला आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. समीक्षेतली नव्वदोत्तरी कविता म्हणजे खुली अर्थव्यवस्था, बाजार, महानगर, तुटलेपण. आणि जाहिरातीतलं ‘नाइन्टीज’ म्हणजे गोळ्या-बिस्किटं आणि शीर्षकगीतं. माझं बालपण दोन्हीत होतं.

वर मी ‘प्लाझाला लागलाय’ इतकं सहज लिहिलं. १२ मार्च १९९३ ला मुंबईत जे बॉम्बस्फोट झाले, त्यातला एक प्लाझाला झाला. त्याआधी डिसेंबर-जानेवारीच्या दंगली. त्यानंतर कितीतरी दिवस आई आम्हाला दादरला जाऊ देत नव्हती. संध्याकाळी बाबा घरी येईपर्यंत टीव्ही चालू असायचा आणि तिचं लक्ष जिन्याकडे असायचं. पडद्यावर काहीतरी हसण्यासारखं लागलेलं असायचं. बाबांच्या चपला वाजल्या की मग ती पडद्याकडे बघायची.

हे स्मरणरंजनात कुठे ठेवू? रंग चढवला तर ते खोटं होतं. म्हणून ‘कातर’ सोडवत नाही म्हणाले होते. ओढ आणि भीती दोन्ही त्या एका शब्दात आहेत, आणि माझ्यापाशी तो काळ तसाच आहे. कातरवेळेलाच टीव्ही लागायचा. तुमचं नाव तुम्ही विचार करून घेतलंय की सहज, माहीत नाही, पण टिपणाचं शीर्षक बहुतेक तेच होणार.

*व्याकरण-वाचक*

मग ‘व्यत्यय’ही टिपणात हवा. आमच्या पिढीला हा संस्कृत शब्द शाळेने शिकवलेला नाही, दूरदर्शनच्या पाटीने शिकवला. ‘क्रमशः’ही तसाच. मूळ अर्थ ‘क्रमाक्रमाने’. आपण तो ‘उरलेलं पुढच्या आठवड्यात’ असा वाचायचो.

*मूळ लेखिका*

घेतले. पडद्यावरच्या ‘मुंग्या’ही घेते. अँटेना हलली की मुंग्या यायच्या, पायाला येतात तशा, आणि भाऊ गच्चीवरून ओरडायचा, “गेल्या का?”

*लालबागकर*

ओरडण्यावरून आठवलं. ज्यांच्या घरी टीव्ही असायचा त्यांची मुलगी गॅलरीत येऊन एकच शब्द ओरडायची, “लागलंऽऽ!” काय लागलं ते नाही. तुमच्या मजल्यावर होतं का असं?

*मूळ लेखिका*

होतं. आमच्या मजल्यावर ते काम माझं होतं. “सुरू झालं” असं मी एकदाही ओरडले नाही.