विमानांची स्पर्धा आणि परळचा फूटपाथ
स्पर्धेमुळे विमानाची तिकिटं स्वस्त झाली, मग शाळा-दवाखानेही बाजारावर सोडा, हे तुमचं म्हणणं मला अजिबात पटत नाही. मुळात विमानांत तरी स्पर्धा कुठे उरलीय? एप्रिल २०१९ मध्ये जेट बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट, नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. आता देशांतर्गत प्रवाशांपैकी निम्म्याहून जास्त एकट्या इंडिगोकडे.

आणि तिकीट महागलं तर माणूस रेल्वेने जातो. छातीत कळ आल्यावर दर विचारत कोण फिरणार? मुंबईत परळला टाटा, केईएम या इस्पितळांच्या आसपासच्या फूटपाथवर बघा. प्लास्टिक अंथरून, रिपोर्टांची पिशवी उशाशी घेऊन नातेवाईक झोपलेले असतात. खासगी इस्पितळं हाकेच्या अंतरावर आहेत, पण त्यांच्यासाठी नाहीत.

२०१७ च्या आरोग्य धोरणात सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचं ठरलं होतं. तिथवर आपण पोचलोच नाही. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के खर्चायचे, ही शिफारस तर कोठारी शिक्षण आयोगापासून, म्हणजे १९६६ पासून, कागदावरच आहे. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे विचारा, पक्ष कुठलाही असो.