फळमाशीच्या मेंदूवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत नेमके कोण कोण काम करते?

प्रश्न – द्राक्षबागायतदार, तासगाव (जि. सांगली)

नमस्कार. माझ्या मुलीने साताऱ्यातील महाविद्यालयातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले असून पुण्यातील एका विद्यापीठाच्या मेंदूविज्ञान प्रयोगशाळेत प्रकल्प साहाय्यक म्हणून तिची निवड झाली आहे. तेथील सर्व संशोधन फळमाश्यांवर चालते. माश्यांच्या स्टॉकची (म्हणजे जपून वाढवलेल्या वाणांची) देखभाल, खाद्य तयार करणे, संकर करणे, मेंदूचे विच्छेदन आणि वर्तनाच्या नोंदी ठेवणे, असे कामाचे स्वरूप तिला कळवण्यात आले आहे. मुलगी अतिशय आनंदात आहे. घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात मात्र 'देखभाल' आणि 'खाद्य' हे दोनच शब्द राहिले असून, एवढे शिकून हेच करायचे का, असे ते मला विचारतात. मला त्यांना नीट उत्तर देता यावे असे मनापासून वाटते.

अशा प्रयोगशाळेत कोणकोणती माणसे असतात, त्यांच्यात कामाची वाटणी कशी होते आणि प्रकल्प साहाय्यकाला विज्ञान शिकायला मिळते की केवळ वरची कामे करावी लागतात, हे या क्षेत्रातील कोणी सांगू शकेल का? आंब्यावर आणि कारल्यावर पडणारी फळमाशी ती हीच का, हेही जाणून घ्यायचे आहे.

उत्तर – कराडचा पीएच.डी. विद्यार्थी

काका, नमस्कार. मी फळमाशीच्या झोपेवर आणि स्मृतीवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो. आंबा, पेरू, कारले, दोडका यांच्या फळात अंडी घालून नुकसान करणारी आणि जिच्यासाठी आपण बागेत सापळे टांगतो ती माशी वेगळ्या कुळातील आहे. प्रयोगशाळेतील ड्रोसोफिला मेलॅनोगास्टर म्हणजे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारे, जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीचे चिलट. आंबू लागलेल्या फळावर वाढणारे यीस्ट हे तिचे अन्न असल्यामुळे तडकलेल्या द्राक्षमण्यांजवळ आपण तिला नक्कीच पाहिले असेल.

या माशीची पिढी 25 अंश सेल्सियस तापमानाला सुमारे 10 दिवसांत तयार होते, तिच्यात गुणसूत्रांच्या फक्त चार जोड्या असतात आणि खसखशीच्या दाण्याएवढ्या मेंदूच्या बळावर ती वास ओळखते, शिकते, लक्षात ठेवते, भांडते, जोडीदार निवडते आणि झोपतेही. मेंदूतील नेमक्या कोणत्या पेशी यांपैकी कोणते काम करतात, हा आम्हा सर्वांचा प्रश्न आहे.

देखभाल आणि संकर यांना एवढे महत्त्व का, ते मी थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या घरातील शंकेचे उत्तर तेथेच आहे. 1993 साली अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी गॅल-फोर व यूएएस ही पद्धत मांडली. तिच्यात माश्यांचे दोन वेगवेगळे स्टॉक लागतात. एका स्टॉकमुळे मेंदूतील कोणत्या पेशी निवडायच्या हे ठरते आणि दुसऱ्यामुळे त्या पेशींमध्ये काय घडवायचे हे ठरते, म्हणजे त्या हिरव्या उजळवायच्या, बंद पाडायच्या की प्रकाशाने उद्दीपित करायच्या. दोन्ही गुण एकत्र येतात ते या स्टॉकच्या संकरातून जन्मलेल्या संततीतच. संकर खात्रीचा व्हायचा तर मादीचे आधी मीलन झालेले नसावे लागते, कारण एकदा मीलन झालेली मादी शुक्राणू साठवून ठेवते आणि पुढे अनेक दिवस त्यांच्यापासून अंडी फलित करत राहते. 25 अंशाला कोषातून बाहेर पडलेली मादी पहिले साधारण आठ तास नराचा स्वीकार करत नाही, म्हणून सकाळी बाटल्या रिकाम्या करून संध्याकाळपर्यंत नव्याने जन्मलेल्या माद्या वेगळ्या कराव्या लागतात. कार्बन डायऑक्साइडने माश्यांना गुंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मऊ कुंचल्याने त्या निवडायच्या. फिकट अंग आणि पारदर्शक पोटातून दिसणारा गडद ठिपका ही नुकत्याच जन्मलेल्या माशीची खूण. यालाच आम्ही 'व्हर्जिन गोळा करणे' म्हणतो. हे काम पीएच.डी.चे विद्यार्थीही करतात, पीएच.डी. झालेले संशोधक म्हणजे पोस्टडॉकही करतात. मीलन झालेली एक मादी जरी चुकून त्यात गेली, तरी पुढच्या कित्येक आठवड्यांच्या निष्कर्षांवर विश्वास ठेवता येत नाही.

माणसांविषयी थोडक्यात सांगायचे तर प्रमुख प्राध्यापक प्रश्न ठरवतात, निधी आणतात, शोधनिबंध तपासतात आणि शिकवतातही, त्यामुळे इच्छा असूनही त्यांना स्वतः माश्या हाताळायला वेळ कमी मिळतो. पोस्टडॉक स्वतंत्र संशोधनाच्या उंबरठ्यावर असतात. नव्या माणसाला विच्छेदन कसे करायचे हे बहुधा तेच शिकवतात. त्यानंतर आमच्यासारखे पीएच.डी.चे विद्यार्थी, प्रकल्प साहाय्यक आणि काही महिन्यांसाठी येणारे एम.एस्सी.चे प्रकल्प-विद्यार्थी. अलीकडे संगणकाची जाण असलेल्या मंडळींची गरज फार वाढली आहे, कारण माश्यांच्या हालचालींचे चित्रीकरण तासन्‌तास चालते आणि त्याचे विश्लेषण प्रोग्रॅम लिहिल्याशिवाय होत नाही. आपल्या मुलीला त्याची थोडीही आवड असेल तर तिने पायथॉन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा अवश्य शिकावी.

उत्तर – निवृत्त प्राध्यापक (प्राणिशास्त्र), सातारा

वरील विवेचन अचूक आहे. मला त्यात इतिहासाची भर घालावीशी वाटते, कारण वडीलधाऱ्यांची शंका ज्या कामाविषयी आहे, त्या कामातूनच या विज्ञानातील फार मोठी माणसे घडली.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांना 1910 मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला आणि जनुके गुणसूत्रांवर असतात या विचाराला त्यातून प्रायोगिक आधार मिळाला. त्यांच्या त्या लहानशा खोलीत कॅल्व्हिन ब्रिजेस नावाचा विद्यार्थी माश्यांच्या बाटल्या धुण्याच्या कामावर होता. बाटलीच्या जाड काचेतून त्याला वेगळ्या, भडक शेंदरी डोळ्यांची माशी दिसली. ज्याची नजर इतकी बारीक आहे त्याला मॉर्गन यांनी संशोधनात घेतले. ब्रिजेस यांनी पुढे 1916 मध्ये गुणसूत्र सिद्धांताचा जो पुरावा प्रसिद्ध केला, तो आजही अभ्यासक्रमात शिकवला जातो. त्याच खोलीतील आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी जनुकांचा पहिला नकाशा आखला तेव्हा ते पदवीचे विद्यार्थी होते.

मेंदू आणि वर्तन यांच्याकडे हा प्रवाह वळला तो कॅलिफोर्नियातील सिमूर बेंझर यांच्यामुळे. त्यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी असंख्य माश्या पारखून दैनंदिन चक्र बिघडलेले वाण शोधले आणि 1971 मध्ये गुरुशिष्यांनी 'पिरियड' जनुकाविषयीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. शरीरातील घड्याळाच्या रचनेसाठी हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना 2017 मध्ये मिळालेल्या नोबेल पारितोषिकाचे मूळ तेथे आहे. भारतात ही परंपरा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी रुजवली. त्यांच्या विद्यार्थिनी व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी माशीला गंध आणि चव कशी कळते यावर केलेले काम जगभर मान्यता पावले. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात या शाखेचा विस्तार झाला आणि तेथे शिकलेल्यांनी देशात ठिकठिकाणी प्रयोगशाळा उभ्या केल्या.

साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 'कमवा आणि शिका' हे तत्त्व प्रत्यक्षात आणले. हाताने केलेले काम आणि शिक्षण ही वेगळी नाहीत, हे आपल्या भागातील घरांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नसावी. आपण आजी-आजोबांना ब्रिजेस यांची हकीकत जरूर सांगावी.

उत्तर – प्रयोगशाळा व्यवस्थापक, मूळ गाव मिरज

मी एका विद्यापीठातील फळमाशी प्रयोगशाळेचे व्यवस्थापन पाहते. शोधनिबंधात फारशी न दिसणारी बाजू मी मांडते.

मक्याचे पीठ, साखर, यीस्ट आणि घट्टपणा आणणारे अगर-अगर एकत्र शिजवून, मिश्रण थोडे निवल्यावर त्यात बुरशीरोधक रसायने मिसळून आमचे खाद्य तयार होते. हे काम करणाऱ्या मावशी आणि मामा यांच्याइतके प्रयोगशाळेला कोणीच आवश्यक नाही, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते. खाद्य पातळ झाले तर माश्या त्यात चिकटून मरतात, कोरडे पडले तर अळ्या वाढत नाहीत आणि बुरशीरोधकाचे प्रमाण चुकले तर एकतर बुरशी येते किंवा अळ्यांनाच अपाय होतो. आहार बदलला की माशीची झोप आणि वर्तनही बदलू शकते, म्हणून खाद्याची प्रत हा प्रयोगाचाच भाग मानावा लागतो. दुर्दैवाने या मंडळींची नावे शोधनिबंधाच्या शेवटी आभारातही क्वचितच येतात. याविषयी मला तीव्रतेने वाटते आणि आमच्याकडे ती नावे यावीत असा माझा आग्रह असतो.

स्टॉकचेही तसेच. फळमाशीचे वाण वर्षानुवर्षे गोठवून साठवण्याची सोपी पद्धत सर्वत्र रुळलेली नसल्यामुळे ते पिढ्यान्‌पिढ्या जिवंतच ठेवावे लागतात. 18 अंशाला ठेवलेले स्टॉक साधारण महिन्याने नव्या खाद्यावर घ्यायचे, प्रत्येक व्हायलवरची (माश्यांच्या छोट्या नळीवरची) चिठ्ठी पडताळायची आणि मुरडलेल्या पंखांसारख्या खुणा पाहून वाण शुद्ध आहे ना याची खात्री करायची. एका व्हायलमध्ये कोळीकीड शिरली तर ती संपूर्ण फ्लाय रूममध्ये, म्हणजे माश्या ठेवण्याच्या खोलीत पसरते. वीज गेली तर तापमान सांभाळण्यासाठी कोणालातरी धावावे लागते. हरवलेला वाण अमेरिकेतील ब्लूमिंग्टनच्या स्टॉक सेंटरकडून किंवा म्हैसूर विद्यापीठातील संग्रहातून पुन्हा मागवता येतो, पण आपल्याच प्रयोगशाळेत तयार केलेला आणि इतरत्र कोठेही नसलेला वाण गेला की तो कायमचा गेला.

मूळ प्रश्नाविषयी माझे मत स्पष्ट आहे. चांगल्या प्रयोगशाळेत देखभालीचे काम सर्वांमध्ये वाटलेले असते, त्याची पाळी भिंतीवर लावलेली असते आणि साहाय्यकाला त्याबरोबर स्वतःचा एखादा छोटा प्रश्न दिलेला असतो. जेथे सर्व स्टॉक एकाच साहाय्यकावर सोपवून बाकीचे केवळ प्रयोग करतात, तेथे शिकणे खुंटते. मुलीने रुजू होण्यापूर्वीच नम्रपणे विचारावे की मला साप्ताहिक बैठकीत माझे काम मांडता येईल का, विच्छेदन आणि कॉन्फोकल (लेसरने पेशींची थरांत चित्रे घेणारा) सूक्ष्मदर्शक कोण शिकवणार, आणि माझ्या निरीक्षणांचा शोधनिबंधात उपयोग झाल्यास लेखकांमध्ये नाव येईल का. या प्रश्नांनी कोणी चांगला प्रमुख नाराज होत नाही.

श्रेयाचे एक चांगले उदाहरणही देते. फळमाशीच्या मेंदूतील पेशींच्या जोडण्यांचा जो संपूर्ण नकाशा ऑक्टोबर 2024 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात एका प्रौढ मादीच्या मेंदूतील 1,39,255 चेतापेशी आणि सुमारे पाच कोटी जोडण्या आहेत. संगणकाने आखलेल्या पेशींमधील चुका माणसांनी एकेक करून दुरुस्त केल्या. अनेक प्रयोगशाळांतील संशोधकांबरोबर हौशी स्वयंसेवकांनीही त्यासाठी हातभार लावला आणि त्या सर्वांच्या श्रमाची रीतसर नोंद ठेवण्यात आली. श्रेय असे मोजून देता येते.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

आपणा सर्वांचे मनापासून आभार. सरांनी सांगितलेली ब्रिजेस यांची हकीकत मी आजच घरी वाचून दाखवली. आणखी दोनच शंका आहेत. तेथील वायू आणि रसायनांपासून काही अपाय होतो का? आणि पुढे पीएच.डी. करायची झाल्यास या नोकरीचा उपयोग होईल का?

उत्तर – कराडचा पीएच.डी. विद्यार्थी

काका, कार्बन डायऑक्साइड अल्प प्रमाणात वापरतात, तरी खोलीत हवा खेळती असावी लागते. खाद्यातील प्रोपिऑनिक आम्ल आणि मेंदू स्थिर करण्यासाठी वापरले जाणारे फॉर्माल्डिहाइड मात्र हातमोजे घालून, धूर ओढणाऱ्या कपाटातच हाताळायला हवे. हा नियम तिने कोणाच्याही घाईसाठी मोडू नये. सूक्ष्मदर्शकावर दीर्घकाळ बसल्याने मान आणि पाठ दुखते, म्हणून खुर्चीची उंची पहिल्याच दिवशी नीट करून घ्यावी.

पीएच.डी.साठी हा अनुभव फार उपयोगी पडतो, कारण मुलाखतीत प्रत्यक्ष केलेल्या प्रयोगावर बोलता येते. मात्र नोकरी करतानाच तिने नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी सुरू ठेवावी. 2023 पासून ज्युनिअर रिसर्च फेलोला (त्या परीक्षेतून शिष्यवृत्ती मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्याला) दरमहा 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे भत्ता मिळतो, त्यामुळे पुढील वर्षांचा आर्थिक भार बराच हलका होतो. खोली शक्यतो विद्यापीठाच्या जवळ पाहावी. व्हर्जिन गोळा करण्याची पाळी रविवारी आणि सणाच्या दिवशीही येते. आम्ही दिवाळीच्या पाळ्या महिनाभर आधीच आपसात ठरवून घेतो आणि दूरच्या गावी जाणाऱ्यांचे क्रॉस (संकर) त्या काळात 18 अंशाला हलवतो, म्हणजे वाढ मंदावते आणि दोन-तीन दिवस सवडीने गावी राहता येते.