छाया, सावली, पडछाया, प्रतिबिंब : मोनेच्या तळ्यापुरती शब्दचर्चा

कुंचला : फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेच्या, जिव्हेर्नी गावातल्या त्याच्या तळ्याच्या चित्रांवरचा एक मजकूर मराठीत आणतोय. ‘रिफ्लेक्शन’साठी कच्च्या खर्ड्यात कुठे छाया, कुठे प्रतिबिंब, कुठे परावर्तन असं झालंय. आलटूनपालटून चालेल?

पाणकाठ : नाही चालणार. परावर्तन ही प्रकाशाची क्रिया. काठावरचा विलो वृक्ष पाण्यात उलटा दिसतो ते प्रतिबिंब. उजेड अडला की पडते ती सावली, आणि ती सूर्याबरोबर सरकते. प्रतिबिंब मात्र बघणाऱ्याच्या दिशेने सरळ खाली उतरतं. नितळ पाण्यावर सावली जेमतेम दिसते. ती गढूळ पाण्यावर किंवा तरंगत्या पानावर उमटते. ‘छाया’ दोन्ही अर्थांनी ओढली जाते, म्हणून इथे टाळाच. मोनेच्या कितीतरी तळ्यांत काठ नाही, क्षितिजही नाही. आकाश दिसतं ते फक्त पाण्यात. तिथे ‘ढगांची सावली’ लिहिलंत तर चित्रच चुकलं.

रंगपेटी : रंगवणाऱ्यालाही हा फरक सांभाळावा लागतो. प्रतिबिंबात उजळ भाग थोडा मंदावतो, गडद भाग थोडा फिकटतो. झाडाचाच रंग जसाच्या तसा खाली लावला की पाणी आरशासारखं कडक दिसतं. शिवाय सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम 2 टक्के उजेड परत फेकतं. नजर तिरकी होत जाते तसं हे प्रमाण वाढतं. म्हणून कॅनव्हासच्या खालच्या कडेला शेवाळी तळ आणि वर आकाश, दोन्ही एकाच चित्रात बसतात. तैलरंगात आधी झाडांचे उभे फटकारे, त्यावर तरंगांचे तुटक आडवे, पानं शेवटी. खालचा थर ओला असताना ब्रश तीन-चारदा फिरवला की हिरव्या-जांभळ्याचा राखाडी चिखल होतो. एक फटकारा मारून ब्रश पुसायचा. दूरची पानं चपट्या लंबगोलात. गोल काढली तर पाणी भिंतीसारखं उभं राहतं.

कुंचला : ‘पडछाया’? आणि तळ्यावरच्या पुलाच्या खालच्या बाजूवर नाचणारे उजेडाचे ठिपके?

पाणकाठ : पडछाया अंधूक आकृतीला ठीक, धुक्यातल्या झाडाला शोभेल. ठिपक्यांना कवडसे म्हणा. मुलं आरशाने भिंतीवर कवडसा पाडतात, इथे आरशाचं काम पाणी करतं. फांद्यांतून तिरपी येते ती उन्हाची तिरीप, लाटेच्या टोकावर क्षणभर लखलखते ती चकाकी. शुद्ध पांढरा रंग सगळीकडे लावला की खऱ्या चकाकीला जागाच उरत नाही.

रंगपेटी : एक तक्रार माझीही. मोनेची ‘कमळं’ सगळे लिहितात, पण ती निम्फिया, म्हणजे कुमुद. कमळाची मोठी पानं पाण्याच्या वर उचललेली असतात. कुमुदाचं पान पाण्यावर पसरतं आणि देठापाशी त्याला खाच असते. 1927 मध्ये पॅरिसच्या ऑरांजरी संग्रहालयात दोन लंबगोल दालनांत लागलेली 8 चित्रं याच कुमुदांची. शीर्षकात ‘कमळं’ खपून जातील, वर्णनात नको.

कुंचला : मग ‘पुलाच्या सावलीत कमळांची छाया थरथरते’ या माझ्या वाक्याचं काय करू?

पाणकाठ : ‘पुलाचं प्रतिबिंब थरथरतं आणि त्यावर कुमुदाची पानं स्थिर असतात.’ हलतं ते पाणी.