खिडकीच्या वर प्लग पॉइंट – पुण्यातल्या घराचं वायरिंग, सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,

मी सध्या पुण्यात आहे, कोथरूडला आईबाबांकडे, आणि दिवाळी करूनच अमेरिकेत, एडिसनला परत येणार आहे. फ्लॅट जुना, वायरिंग सगळं नवीन करायला काढलंय, त्यावरून एक विचारायचंय.

मागच्या दिवाळीत आकाशकंदिलाची वायर नेहमीसारखीच गेलेली, टीव्हीच्या बोर्डातून सोफ्यामागून खिडकीपर्यंत आणि तिथून स्लायडिंगच्या फटीतून बाहेर. डास येतात म्हणून आई रोज तिन्हीसांजेला काच ओढून घ्यायची आणि ती काच रोज वायरीवर त्याच जागी बसायची. भाऊबीजेला सकाळी ओलं फडकं घेऊन ग्रिल पुसायला गेली तर सणसणीत झटका बसला. नशिबाने हात लगेच सुटला. मी नंतर वायर काढून बघितली, ट्रॅकच्या कडेने प्लास्टिक नखाएवढं सोललं होतं आणि आतली तांब्याची तार ग्रिलला टेकलेली. एमसीबी पडलाच नाही, आणि कंदील आपला छान चालू!

बाबा म्हणाले वायर बदलू. पण मला वाटतं वायर तिथून जातेच का? गणपती, दसरा, दिवाळी, घरोघर खिडकीत दिवे लागतात आणि पॉइंट मात्र सगळे जमिनीलगत नाहीतर टीव्हीमागे. काल सोसायटीत खाली उभं राहून वर बघितलं तर मजल्यामजल्यावर काचेच्या फटीतून वायरी लोंबतायत. मला पडद्याच्या रॉडशेजारी वर एक पॉइंट हवाय, आणि त्याचं बटण खाली दाराजवळच्या बोर्डात. कोणी केलंय का असं? वायरमन म्हणतोय "एवढ्यासाठी कशाला भिंत फोडता साहेब."

– कोथरूडहून

---

अरे, आधी आई कशा आहेत ते कळव. वहिनींना माझा नमस्कार सांग.

भिंत फोडायचीच. इथे अमेरिकेत हे फार जुनं आहे, बऱ्याच घरांत छपराच्या कडेखाली ख्रिसमसच्या माळांसाठी पॉइंट ठेवतात आणि बटण घरात. तुझ्या इथल्या हॉलमध्येही बघ, दुहेरी आउटलेटच्या बाजूला पितळेची बारीक पट्टी असते, ती पकडीने तोडली आणि वायरिंग वेगळं केलं की वरचं भोक कायम चालू आणि खालचं भिंतीवरच्या बटणावर. एवढीशी पट्टी, पण काय डोकं लावलंय.

आपण ज्याच्या नावाच्या गावात राहतो त्या एडिसनचाच सहकारी एडवर्ड जॉन्सन, त्याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कला घरच्या झाडावर ८० विजेचे दिवे लावले, लाल पांढरे निळे. म्हणजे माळ आधी आली आणि भिंतीतून काढता-घालता येणारा प्लग नंतर, हार्वे हबेलचं पेटंट १९०४ चं! तोवर लोक बल्ब काढून त्याच होल्डरला वायर लावायचे. सदाशिव पेठेत आमच्या वाड्यात माझ्या लहानपणीसुद्धा इस्त्री बल्बच्या होल्डरवरच चालायची, पिवळट बेकलाइटची दोन खिट्ट्यांची पिन होती, ती फिरवून बसवायची.

आता मुद्द्याचं. एमसीबी पडला नाही कारण त्याचं ते कामच नाही. ६ अँपिअरचा एमसीबी शॉर्टसर्किट आणि जादा लोड बघतो, माणसातून जाते ती वीज त्याच्या हिशेबी काहीच नाही. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या चार्ल्स डॅलझिएलने माणसांवर प्रत्यक्ष मोजमापं घेतली होती, धरलेली तार सोडता येते ती सरासरी पुरुषांना १६ आणि बायकांना साधारण १०.५ मिलीअँपिअरपर्यंत. त्याच्या पुढे बोटं आवळतात. त्यानेच १९६१ मध्ये गळती ओळखणारा ब्रेकर बनवला, फेज आणि न्यूट्रल एकाच कड्यातून जातात, गेली तेवढी वीज परत आली नाही की तो सप्लाय तोडतो. इथे बाथरूमच्या आउटलेटमध्ये तो ५ मिलीअँपिअरला पडतो. भारतात असाच गळती ओळखणारा ब्रेकर, म्हणजे आरसीसीबी, घराला ३० मिलीअँपिअरचा लावतात, तो ०.३ सेकंदाच्या आत तोडतो. मेन बोर्डात तो आहे का ते आजच बघ. नसेल तर पॉइंट नंतर, हे आधी.

आणि इथल्या माळा बॅगेत घालून नेल्या असशील तर लावू नकोस. ५० दिव्यांच्या जुन्या माळेत १२० व्होल्टला प्रत्येकी अडीचच्या आत येतात, तिथे २३० ला जवळजवळ दुप्पट, सगळी माळ जाईल.

– काका, एडिसन

---

काका, स्वीडनमध्ये गंमत अशी की दिवा खिडकीच्या आतच ठेवतात, बाहेर काही नाहीच. डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधार पडतो आणि मग जवळपास प्रत्येक खिडकीत ७ दिव्यांचा त्रिकोणी स्टँड. तो आमच्या गोटेबोर्गचाच, फिलिप्सच्या गोदामातल्या ऑस्कर अँडरसनने १९३४ मध्ये ख्रिसमसच्या झाडाचे दिवे वापरून बनवला. सातही दिवे सिरीजमध्ये, ३४ व्होल्टचे, एक सैल केला की सगळे बंद. इथे खूप घरांत खिडकीशीच प्लग असतो त्यामुळे फटीचा प्रश्नच नाही. दादा, तूही कंदील आतूनच लाव ना.

– गोटेबोर्गची ताई

---

काका, ताई, खूप आभार. आई बरी आहे.

ताई, कंदील आत लावायला आई तयार नाही, तो रस्त्यावरून दिसला पाहिजे म्हणते, आणि मला तिचं पटतं. मेन बोर्ड उघडला, आरसीसीबी नव्हताच. काका, तुमचा मेल वाचून दुसऱ्याच दिवशी बुधवार पेठेत जाऊन घेऊन आलो, ३० मिलीअँपिअरचा. वायरमनने बसवला आणि आईला टेस्टचं बटण दाबायला लावलं, फट्कन पडला, तिने परत वर करून पुन्हा एकदा दाबून बघितलं. ग्रिलला अर्थिंगही दिलं.

पॉइंट रॉडशेजारी बसला, बटण दाराजवळ. पण ग्रिलवर आता २३० व्होल्ट जाणारच नाहीत, अ‍ॅडॅप्टर आत वरच्या पॉइंटलाच आणि बाहेर फक्त २४ व्होल्टची माळ आणि कंदिलाचा एलईडी. वायरीसाठी चौकटीशेजारी भिंतीत बोटाएवढं भोक पाडलं, बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं, पावसाचं पाणी आत यायला नको. वायरमनने ते उतरतं ठेवायचं स्वतःहून सुचवलं, आणि काल येऊन विचारत होता शेजारच्या दोन फ्लॅटना असंच करून देऊ का म्हणून. मी हो म्हटलंय, त्यांच्याही बोर्डात आधी आरसीसीबी आहे का ते बघायला सांगितलंय.

काच आता शेवटपर्यंत लागते.

– कोथरूडहून