जुन्या मुंबईच्या दगडी इमारती: दुरुस्तीचे अनुभव लिहा

काळाघोडा: फोर्टात एका दगडी भिंतीच्या दरजा (दगडांमधल्या फटी) ताज्या सिमेंटने भरलेल्या दिसल्या आणि जुन्या गवंड्यांची चुन्याची कामं आठवली. ज्यांनी हे काम केलंय किंवा करून घेतलंय त्यांनी लिहा. माप, मिश्रण, काय बिघडतं, सगळं.

सुरुवात मीच करतो. राजाबाई टॉवर कुर्ल्याच्या दगडाचा, डेव्हिड ससून लायब्ररी मालाडच्या. हे पिवळसर दगड पाणी पितात. दरजेत सिमेंट भरलं की ओल तिथून सुटत नाही, दगडातून सुटते. क्षार दगडाच्या तोंडाशी साठतात आणि पापुद्रे निघतात. सिमेंट जसंच्या तसं राहतं, दगड झिजतो.

तुळई: काळ्या दगडात उलटं. तो दगड ओल सोडतच नाही, दरज हीच वाट. ती बंद केली की ओल आतल्या गिलाव्यात. मग लोक आतून वॉटरप्रूफिंग करतात आणि ओल आणखी वर चढते.

चुनाभट्टी_लोकल: दरज खरवडताना ग्राइंडर नको!! दगडाच्या कडा उडतात. छिन्नी-हातोडी, निदान 20-25 मिमी खोल, रुंद दरज असेल तर रुंदीच्या दुप्पट. ब्रशने धूळ काढा, पाणी मारा, मग भरा. एका थराला 10 मिमीपेक्षा जास्त नको, नाहीतर आक्रसून चिरा पडतात.

सांजवात: प्रमाण?

चुनाभट्टी_लोकल: 1 चुना, 3 वाळू. ओलसर जागी वाळूतला थोडा भाग कमी करून विटांची भुकटी. वाळू धुतलेली, बारीक-जाड मिसळ असलेली. खाडीची अजिबात नको, मीठ येतं. कळीचा (न विरलेला) चुना पाण्यात टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, उसळतो. डोळ्यांना चष्मा हवाच. विरल्यावर पाण्याखाली निदान 15 दिवस, जमलं तर 3 महिने.

सांजवात: धन्यवाद, पोळ्या टाकून येते, मग बाकीचं वाचते.

तुळई: हंगामाचंही लिहा कुणीतरी. दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आत संपवलेलं बरं. पावसात चुना धरत नाही, कडक उन्हात वरून सुकतो आणि आत भुसभुशीत राहतो. ओलं गोणपाट टांगून निदान 10 दिवस जपा. कंत्राटदाराला हे दहा दिवस नको असतात, सगळं तिथेच फसतं.

गिरगाव_गल्ली: लाकडाचं कुणी बोललंच नाही. सागवानी तुळईचं टोक भिंतीत असतं तिथेच कुजतं. मधे ठणठणीत दिसते. पेचकस टोचून बघा, सहज आत गेला तर टोक गेलं. टेकू देताना खालच्या मजल्याच्या फरशीवर थांबू नका, तळमजल्यापर्यंत एकाखाली एक न्या, नाहीतर भार खालच्या तुळईवर येतो. नवीन टोक जोडल्यावर भोवती 25 मिमी हवा सोडा, सिमेंटने कोंडू नका.

काळाघोडा: फार महत्त्वाचं. परवानगीचंही बघा. हेरिटेज यादीत इमारत कुठल्या श्रेणीत आहे ते आधी तपासा. नुसत्या दर्शनी बदलालाही विचारावं लागू शकतं.

अनु१२: आमच्या कॉर्निसवर (भिंतीच्या वर बाहेर आलेल्या दगडी पट्टीवर) पिंपळ आहे, उपटून टाकू का?

चुनाभट्टी_लोकल: नको नको! मुळं दगडाच्या सांध्यात असतात, ओढलं की दगड सुटतो. बुंध्यापाशी कापा, ताज्या कापावर लगेच तणनाशक लावा, मुळं मरेपर्यंत थांबा. मग कुजलेला भाग काढून पोकळी पातळ चुन्याने भरा. आणि पन्हाळी मेमध्येच साफ करा, पक्ष्यांच्या विष्ठेतून बी तिथेच पडतं.

गिरगाव_गल्ली: अनु, दगडांमधल्या लोखंडी पट्ट्यांकडेही बघा. गंजल्या की फुगतात आणि कोपरे फोडतात. नुसता तुटका कोपरा चिकटवून काही होत नाही, पट्टी काढून 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची घाला.

सांजवात: आले. जिन्यातल्या नक्षीच्या जुन्या टाइल्स काळ्या पडल्यात, ऍसिडने पुसायचं म्हणतात सोसायटीवाले.

तुळई: ऍसिड नाही! टाइल चिनीमातीची असली तरी खालचा आणि सांध्यांतला चुना ऍसिडने खाल्ला जातो, टाइल डुगडुगते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ नायलॉन ब्रश, लगेच कोरडं पुसा.

मांडवी_काठ: गोव्यात जांभ्याच्या घरांचं हेच. चुन्याचा गिलावा काढून सिमेंट मारलं की पाचेक पावसाळ्यांत पोपडे आणि मागचा जांभा भुसभुशीत. शिंपल्यांच्या खिडक्या (काचेऐवजी शिंपल्याचे तुकडे बसवलेल्या) आहेत कुणाकडे? त्यांनाही ऍसिड किंवा व्हिनेगर लावू नका, शिंपला विरघळतो.

अनु१२: आजीच्या घरी आहेत, तडकलेला शिंपला बदलता येतो का?

मांडवी_काठ: येतो. लाकडी पट्ट्यांच्या खाचेतून सरकवून काढा, जुन्यावरून माप घ्या, नवा कापताना किंचित लहान ठेवा. पावसात लाकूड फुगतं, घट्ट बसवला तर परत तडकेल.