फिरत्या पाळीत सीएनसी शिकायचंय, ताण कमी व्हावा म्हणून. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

वाळूजला एका कारखान्यात सीएनसी लेथवर (प्रोग्रॅमवर चालणारं लेथ मशीन) ऑपरेटर आहे. आयटीआय टर्नर. अंगमेहनतीचं काही वाटत नाही, गावाकडं उसाच्या मोळ्या वाहिल्यात. त्रास वेगळाच आहे. इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) झिजला की बोअर (जॉबमधलं भोक) बारीक येऊ लागतो. गेजवर मला ते आधीच दिसतं, पण ऑफसेटला (हत्याराची जागा दुरुस्त करायचा मशीनमधला आकडा) हात लावायचा नाही, ते सेटरचं, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याचं काम. रात्रपाळीला सगळ्या लाइनला मिळून सेटर एकच. तो येईपर्यंत मशीन उभं, टार्गेट तेवढंच, आणि सकाळी जाब मला. घरी आल्यावरही छातीत धडधडतं, झोप लागत नाही.

रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं वाचनात आलं: कामाचा रेटा मोठा आणि निर्णय हातात नाही, तिथं ताण सगळ्यात जास्त. रेटा तेवढाच असला तरी कौशल्य वापरायला मिळालं तर माणूस त्याच कामातून शिकत जातो. माझीच गोष्ट वाटली.

म्हणून शिकायचं ठरवलंय. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये कोर्स असतात, पण पाळी बदलती असल्यानं ठरलेल्या वेळेचा क्लास झेपणार नाही. स्वतःच सुरुवात कुठून करू? आणि साहेबांना कसं सांगू? नोकरी सोडायची तयारी चाललीय असं त्यांना वाटायला नको. शिकूनही ऑफसेटला हात लावू दिला नाही, तर जीव आणखीच जळेल.

प्रतिसाद, एक जुना सेटर:
भाऊ, आख्खं प्रोग्रॅमिंग एकदम धरू नको. रोज चालवतोस तोच प्रोग्रॅम ओळ न ओळ समजून घे. जी९६ (कापायचा वेग कायम ठेवणारा कोड) लावलं की जी५० या कोडनं आरपीएमला मर्यादा का घालतात, एवढं जरी कळलं तरी बरंच उलगडतं. मग वेअर ऑफसेट, म्हणजे झिजेपुरती दुरुस्ती. त्यात एक्स अक्षाचा आकडा व्यासाचा असतो, बोअर ०.०२ मिमी बारीक आला तर अधिक ०.०२. सेटर टाकत असेल तेव्हा शेजारी उभा राहा, आकडा मनात आधी काढ आणि त्याच्याशी ताडून बघ. ट्रेडची पुस्तकं भारत स्किल्स पोर्टलवर फुकट आहेत.

साहेबांकडं नुसतं 'शिकायचंय' म्हणून जाऊ नको. वेअरमध्ये ठरावीक मर्यादेतच बदल, प्रत्येक बदलाची वहीत नोंद, एवढीच परवानगी माग. मशीन उभं राहण्याचा वेळ वाचतो हे त्यांनाही हवंच असतं.

रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास बंद, झोप आधी. आणि धडधड डॉक्टरांना दाखव, ती शिकून जाईल म्हणून थांबू नको.

धागाकर्ता:
दादा, मनापासून आभार. सेटरशी आजच बोलतो. मर्यादा किती मागू, ०.०५ मिमी चालेल का? बोअरचा टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक-उणे ०.०१५ आहे.