पाझर तलावात मोटरी, खाली विहिरी कोरड्या. गावातच मिटवायचं का तहसीलला जायचं?

काळं_रान (सांगोला)
नमस्कार मंडळी. आमच्या गावाला एक पाझर तलाव आहे, ७२ च्या दुष्काळातला, आमच्या आज्जीच्या पिढीने डोक्यावर पाट्या वाहून भराव टाकलेला. आता झालंय असं की तलावाच्या काठाला ज्यांची रानं आहेत त्यांनी थेट पाण्यात मोटरी सोडल्यात, पाच एचपीच्या, साडेसातच्या, एकाने तर लांब पाईपलाईन करून शेततळं भरायला घेतलंय. खालच्या अंगाला आमच्या विहिरी आणि गावची पिण्याची विहीर, तिला पाझर सगळा ह्याच तलावाचा. दिवाळीपर्यंत कुणी बोलत नाही, संक्रांत गेली की विहीर तळाला जाते आणि मग भांडणं सुरू. मागच्या उन्हाळ्यात रात्रीत कुणीतरी केबल तोडली, मग आमच्या बाजूच्या एकाचा स्टार्टर चोरीला गेला, आता पोरंपोरं बोलत नाहीत. वडील म्हणतात अर्ज दे. पण वरच्या मोटरींतली एक सख्ख्या चुलत्याची आहे, अर्ज दिला की भावकी तुटली म्हणून समजा. मी नोकरीला सोलापुरात, सुट्टीला गावाकडे. कुणाच्या गावात असलं मिटलंय का? नुसतं एकत्र बसा म्हणू नका, बसून झालंय, चहा पिऊन उठलो.

बार्शीकर_तात्या
बसला कधी ते सांगा आधी. एप्रिलात बसला असाल तर मिटणारच नव्हतं. उसाची लागण झालेली, सोसायटीचं कर्ज उचललेलं, त्या माणसाला मोटर काढ म्हणलं तर तो काय काढतोय, त्याच्या जागी मी असतो तरी काढली नसती. ह्या बैठकीला तळं भरलेलं पाहिजे. सप्टेंबर-ऑक्टोबर, परतीचा पाऊस झाला की लगेच, पूर्वहंगामी लागणीच्या आधी. तेव्हा कुणाचं काही रानात अडकलेलं नसतं, म्हणून माणूस ऐकतो.

आमच्याकडं पाणी कुणाचं किती ह्यावर कधी एकमत झालं नाही, अजून नाही. झालं ते एवढंच की सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडतं तिथल्या, भिंतीला तांबडा पट्टा मारला आणि पाणी पट्ट्याला टेकलं की सगळ्या मोटरी वर, सगळ्या म्हणजे सगळ्या, पुढाऱ्याची पण. पट्टा कुठं मारायचा ह्यावरच लई भांडण झालं, दोनदा पुसून खाली घेतला. पण एकदा मारल्यावर रोज कोण किती उपसतंय ह्याची चौकशी बंद झाली, शाळेतलं पोरगं पण सांगतं पाणी कुठवर आलंय. पहिल्या वर्षी दोघांनी मोडलं. त्यांची नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिली, दंड-बिंड काही नाही, पुढच्या वर्षी निमूट काढल्या.

मोडनिंबचा_गडी
तात्या तुमचं गाव चांगलं निघालं. आमच्याकडं सरपंचाचीच मोटर सगळ्यात मोठी, फळ्यावर कोण लिहिणार? ग्रामसभेला कोरम होत नाही, सह्या नंतर घरोघरी फिरून घेतात. आता कुणीतरी येऊन हिवरे बाजार म्हणेलच, म्हणून मीच म्हणतो.

नोंद_फेरफार
हिवरे बाजारचं नाव घेतलंच आहे तर पूर्ण सांगतो. तिथे शेतीसाठी बोअर बंद, ऊस-केळी बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिकं ठरतात हे खरं, पण पोपटराव पवार सरपंच झाले १९८९ ला, आणि आधी डोंगरावर बांधबंदिस्ती, चराईबंदी अशी वर्षानुवर्षांची कामं झाली. नियम नुसता उचलून आणला तर टिकत नाही. पुरंदरमधल्या नायगावची पाणी पंचायत तुमच्या प्रश्नाला जवळची वाटते. विलासराव साळुंखेंनी ७२ च्या दुष्काळानंतर सुरू केलेली, तिथे पाणी जमिनीवर नाही, माणसावर वाटलं, माणशी अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनाला पण वाटा, आणि ऊस नाही. काठाला रान आहे म्हणून पाणी माझं, हा हिशोबच तिथे मोडला.

आता कायद्याचं. तलाव कुणाचा ते आधी काढा. १०० हेक्टरपर्यंत सिंचनक्षमता असलेले तलाव साधारण जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारेकडे असतात, त्याच्या वर राज्याच्या जलसंधारण विभागाकडे. उपशाची परवानगी कुणाकुणाला दिलीय ह्याची माहिती लेखी मागा, बऱ्याचदा एकालाही नसते. पिण्याच्या सार्वजनिक विहिरीपासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवीन विहीर-बोअर घेता येत नाही, ही अट १९९३ च्या कायद्यापासून आहे. आणि टंचाईत जिल्हाधिकारी तलावाचं पाणी पिण्यासाठी राखून ठेवू शकतात, मग मोटरींची लाईट तोडली जाते. मामलेदार कोर्टाचं, म्हणजे तहसीलदारापुढच्या दाव्याचं, कुणी सुचवेल, १९०६ च्या कायद्याचं कलम ५, पण ते कुणी ओढा अडवला, वाट अडवली, सामाईक विहिरीवर पाळी येऊ दिली नाही अशा तक्रारीला चालतं आणि सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. तुमच्या केसला ते फारसं बसत नाही.

माझं मत, माहिती काढा पण अर्ज लगेच टाकू नका. कागद हातात असला की बैठकीत आवाज चढवावा लागत नाही.

माहेर_मंगळवेढा
सगळ्यांचं वाचलं. बैठकीला बायका होत्या का हो? विहीर आटल्यावर टँकरच्या मागं घागरी घेऊन कोण पळतं? मोटर कुणाची हे बघून आपली माणसं गप्प बसतात, बाया बसत नाहीत. चुलत्याच्या घरची बाई पण त्याच टँकरला उभी असते ना. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, कायद्यातच आहे, बहुतेक गावात ती कागदावरच होते. तिच्यात ठराव घ्या की पिण्याची विहीर आधी, मग तो ग्रामसभेत वाचायला लावा. सरपंचाची मोटर असली तरी त्याला त्याच्या घरात उत्तर द्यावं लागतं 😀

मोडनिंबचा_गडी
हे मात्र चालेल. आमच्यात दारूबंदीला असंच झालं होतं.

काळं_रान (सांगोला)
ताई, एकही बाई नव्हती, बैठक मारुतीच्या पारावर रात्री नऊला होती. तात्या, बसलो होतो मार्चमध्येच. पण आमच्याकडं ऊस कमी, डाळिंब जास्त. चुलता आंबे बहार (उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा) धरतो, जानेवारीत पाणी सोडतो ते माल निघेपर्यंत, म्हणजे सगळा उन्हाळा. मृग बहार, म्हणजे पावसाळ्यातला, धर म्हणलं तर पावसात तेल्या रोग येतो म्हणतो, आणि ते खोटं पण नाही, आमची स्वतःची बाग तेल्यानेच काढावी लागली. मग तांबड्या पट्ट्याला तो हो कसा म्हणणार?

बार्शीकर_तात्या
मग पट्ट्याची गोष्ट दुसरी काढा, पहिली बहाराची. हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा, धरला तर माल फेब्रुवारी-मार्च-एप्रिलात निघतो, ऐन उन्हाळ्यात झाडं विश्रांतीला, तेव्हा थोडक्या पाण्यावर बाग जगते. हस्ताला अडचण एकच, पाऊस लांबला तर झाडाला ताण (फुलोऱ्याआधी पाणी तोडणं) बसत नाही. केगावचं डाळिंब संशोधन केंद्र तुमच्या सोलापुरातच आहे, चुलत्याला घेऊन जा एकदा, भांडणाचा विषय न काढता. आणि ते शेततळं. भरायचं असेल तर तलाव सांडव्यावरून वाहतोय तेव्हा भरा, सांडवा बंद झाला की पाईप काढा, ही अट घाला. वाहून जाणारं पाणी कुणी घेतलं तर खालच्याला वाईट वाटत नाही आणि चुलत्याला उन्हाळ्याला हक्काचं पाणी राहतं.

नोंद_फेरफार
शेततळ्याची अट चांगली आहे, लेखी घ्या. साध्या कागदावर, पण सगळ्या मोटरवाल्यांच्या सह्या, मोटरीच्या एचपीसकट. आणि तुटलेली केबल, गेलेला स्टार्टर ह्याची भरपाई त्याच दिवशी दोन्हीकडून मिटवून टाका, नाहीतर पाण्याची बैठक चोरीच्या हिशोबावर मोडेल.

काळं_रान (सांगोला)
स्टार्टर आमच्याच माणसाचा होता, त्याला मी विचारतो सोडून देतोस का. केबल चार जणांत वर्गणी काढून देऊ. चुलत्याला ह्या रविवारी केगावचं विचारतो, आधी चुलतीला फोन करतो.